‘फोटोपुरती बाग’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

घरासमोरच्या बागेत फुलझाडांच्या जोडीने भाज्या आणि फळझाडं लावावीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते: "ही सगळी फोटोपुरती बाग, तोडणी झाली की वाफे उघडेबोडके पडतात आणि घरासमोर उकिरडा दिसतो, पण मातीत कधी हात न घातलेल्यांना हे कुठून कळणार?" पुढे कीड, विषारी झाडं, पुदिन्याचा पसारा आणि वाया जाणारा वेळ असे आणखी चार मुद्दे त्यांनी मांडले आहेत.

आधी त्या वाक्याच्या शेवटाबद्दल बोलते. वाफे उघडे पडतात, एवढंच लिहिलं असतं तरी तुमचा आक्षेप पूर्ण झाला असता. मातीत हात घातला की नाही, हे त्याला जोडायची काय गरज होती? माझे वडील दुसऱ्यांच्या बागा राखून घर चालवायचे. शाळा सुटली की मी त्यांच्याबरोबर आळी करायला, तण काढायला, रोपं उचलायला जायचे. कलम कसं बांधायचं, कुठल्या झाडाला पाणी तोडायचं, हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी त्यांच्या हाताखाली शिकले. आज लोकांच्या घराभोवतीच्या बागा आखून देणं हाच माझा व्यवसाय आहे. हे मिरवायला सांगत नाही, सांगायची वेळ तुम्ही आणलीत म्हणून सांगते. माझं म्हणणं पटलं नसेल तर खुशाल खोडा. पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याच्या कष्टांबद्दल असं बेधडक लिहिणं मला अजिबात आवडलेलं नाही.

आता उघड्या वाफ्यांकडे वळते. तुमच्या डोळ्यांसमोर जी बाग आहे ती भाजीचा मळा आहे. एका वाफ्यात सगळा पालक, दुसऱ्यात सगळी कोबी, एकाच दिवशी पेरणी आणि एकाच दिवशी तोडणी. तशी लागवड घरासमोर केली तर वाफा उघडा पडणारच. मी तसं करायला कुठे सांगितलंय? लेखात पहिलंच सांगितलं होतं की बागेचा सांगाडा बारमाही झाडांचा हवा. मागे कढीपत्ता किंवा लिंबू, कुंपणालगत डाळिंब, वाटेच्या कडेने गवती चहा, कोपऱ्यात अंजीर. डाळिंबाची लालभडक फुलं शोभेच्या कुठल्याही झुडपाच्या तोडीची असतात. कढीपत्ता छाटला की आणखी फुटतो. ही झाडं जागची हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मधल्या जागेत हंगामी भाजी आली-गेली तरी बागेचा आकार मोडत नाही.

मधल्या जागेतही सगळं एकदम उपटायचं नसतं. पालक, लेट्यूस, चुका यांची बाहेरची पानं खुडायची आणि मधला कोंब ठेवायचा, की रोप पुन्हा भरतं. मिरची आणि वांगं महिनोन्‌महिने जागेवर उभं असतं, मिरचीवर हिरवी आणि लाल फळं एकाच वेळी दिसतात. मुळा, गाजर, कोबी ही मात्र जागा रिकामी करून जाणारी पिकं आहेत. म्हणून त्यांचे सलग पट्टे न लावता दोन झेंडूंच्या मध्ये एक, एखाद्या झुडपाच्या पुढे तीन, अशी विखरून लावायची. एक गड्डा काढला तर शेजारच्या झाडाची पानं ती जागा आठवड्याभरात झाकून टाकतात. शिवाय बाजूला एखाद्या ट्रेमध्ये पुढची रोपं वाढत ठेवायची आणि जागा मोकळी झाली की त्याच दिवशी लावायची. काही हाताशी नसेल तर पालापाचोळ्याचं आच्छादन पसरायचं. आच्छादलेली माती उघडी दिसत नाही आणि तिच्यातली ओलही टिकते.

एक गोष्ट तुम्ही विचारातच घेतलेली नाही. भाजी आणि शोभेचं झाड अशी भिंत निसर्गात नाही. भेंडी जास्वंदाच्याच कुळातली आहे, तिची पिवळी फुलं जवळून पाहा. शोभेसाठी लोक जांभळ्या किंवा पोपटी पानांचा वेल कुंड्यांतून सोडतात, तो रताळ्याचाच वेल असतो. लाल फुलांचा घेवडा युरोपात सुरुवातीला फुलांसाठी लावला जायचा, शेंगा खाण्याकडे लक्ष नंतर गेलं. कमानीवर लाल देठांचा मायाळू चढवला तर त्याला शोभेच्या वेलीपेक्षा कमी कोण म्हणेल?

घरासमोर भाजी गबाळी दिसते, ही तक्रार नवीन नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी शोअर्स या गावाने २०१३ मध्ये घरापुढच्या अंगणात भाज्या लावायला बंदी घातली. तिथल्या एका जोडप्याची सतरा वर्षं जोपासलेली बाग रोज ५० डॉलर दंडाच्या धाकाने उपटावी लागली. ते कोर्टात लढले आणि हरले. शेवटी २०१९ मध्ये राज्यानेच कायदा करून स्थानिक प्रशासनांचा असा बंदीचा अधिकार काढून घेतला. तुमच्या वाक्यात मला त्या बंदीमागचीच दृष्टी दिसते: शोभा समोर आणि खाण्याचं मागे, दृष्टीआड.

उलट बाजूचं उदाहरण फ्रान्समधल्या व्हिलांद्री इथल्या वाड्याचं. होआकिम कार्व्हालो यांनी १९०६ मध्ये तो वाडा घेतला आणि भोवतीच्या बागा नव्याने उभ्या केल्या. तिथल्या भाजीच्या बागेत नऊ चौकोन आहेत, प्रत्येकाची आखणी वेगळी, आणि रंग भरलेत ते कोबी, बीट, लेट्यूस, भोपळा अशा भाज्यांनी. वर्षातून दोनदा तिथे नव्याने लागवड होते. म्हणजे जागा रिकामी होतेच, फक्त ती कधी होणार हे आधीच ठरलेलं असतं. तिथे माळ्यांचा ताफा आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. चार वाफ्यांना ताफा लागत नाही, वेळापत्रक लागतं.

पुदिन्याबाबत मात्र तुमचं बरोबर आहे. मोकळ्या जमिनीत लावला तर तो जमिनीखालून धावत सुटतो आणि शेजारच्या नाजूक रोपांना दाबतो. तो कुंडीत लावावा, किंवा बूड असलेली कुंडीच जमिनीत पुरावी. योग्य सूचना आहे आणि ती मी मूळ लेखात जोडते.

कीड वाढते म्हणता, त्यावर फार लिहीत नाही. कोथिंबीर आणि शेपू थोडे फुलावर जाऊ द्या. त्या बारीक फुलांवर ज्या माश्या येतात त्यांच्या अळ्या मावा ही कीड खातात. मिश्र लागवडीत किडीला एकाच जातीचं सलग रान मिळत नाही. फवारणीची सवय असेल तर ती मात्र सोडावी लागेल, आणि नर्सरीतून आणलेल्या फुलझाडांवर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक मारलंय का हे विचारूनच ती भाजीशेजारी लावावीत.

विषारी झाडांचा मुद्दा लेखात होता. कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा यांना खाण्याच्या झाडांजवळ जागा नाही, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. लेख पूर्ण वाचून मग लिहिलं असतं तर ही ओळ लिहावी लागली नसती. आणि वेळ वाया जातो की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला संध्याकाळी पानं खुडताना बागेची देखभाल वेगळी करावी लागत नाही, कारण खुडणं हीच देखभाल असते.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, ती तिथेच राहील. पण तुमच्याकडे खरंच असा उघडा पडलेला वाफा असेल, आणि तुमच्या रागावरून तो असावा असं मला वाटतं, तर त्याबद्दल नीट लिहा. तिथे ऊन किती तास येतं? पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं, फळभाज्यांना सहा-आठ तास हवेत, आणि बहुतेक वाफे या एका गोष्टीमुळे फसतात. काय लावलं होतं, केव्हा काढलं, बारमाही झाडं कुठली आहेत, एवढं कळवलंत तर जागेचं नेमकं काय करता येईल ते मी सांगेन. फक्त या वेळी भाषा जरा जपून वापरा.