‘कोकणात घरचा कंट्रोलर टिकत नाही’ म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

घरात अळंबी आणि पालेभाज्या पिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक निरोप पुन्हापुन्हा फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘कोकणात ईएसपी३२ किंवा आर्डुइनोवर (प्रोग्राम भरून पंखा, फवारा आपोआप चालवणारे छोटे कंट्रोलर बोर्ड) बांधलेली घरगुती यंत्रणा चालत नाही. खाऱ्या हवेत बोर्ड सडतात. हवा मुळातच दमट, त्यामुळे आर्द्रतेवर नियंत्रण ठेवायची गरजच नाही. एसीशिवाय आत काही पिकत नाही. वीज किंवा इंटरनेट गेलं की सगळं ठप्प. प्रोग्रामिंग न येणाऱ्याने नादाला लागू नये, सरळ कंपनीची तयार यंत्रणा घ्यावी.’ पडवीशेजारची एखादी खोली कामाला लावू पाहणारा माणूस हे वाचून मागे फिरतो, याचं मला वाईट वाटतं. यातल्या काही मुद्द्यांत अर्धं तथ्य आहे. बाकीचे तपासायला घेतले की उभे राहत नाहीत.

पहिलं अर्धं तथ्य खाऱ्या हवेत. समुद्राकडच्या वाऱ्यासोबत मिठाचे बारीक कण येतात आणि बोर्डावर बसतात. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर, शेजारशेजारच्या पिना आणि त्यांच्यात सतत वीज. तांब्यावर हिरवा कळंक चढायला मग वेळ लागत नाही. मात्र यातून एवढंच सिद्ध होतं की उघडा बोर्ड टिकत नाही. ब्रेडबोर्डावर (सोल्डर न करता वायरी नुसत्या खोचायची पट्टी) जम्पर वायरी खोचून तो फॉगरच्या, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणाऱ्या यंत्राच्या, शेजारी खिळ्याला टांगला, तर तो पुण्यातही टिकणार नाही.

कंट्रोलर पिकाच्या खोलीत ठेवायचाच नाही, हा पहिला नियम. तो बाहेर, कोरड्या भिंतीवर, रबरी पट्टीच्या झाकणाच्या डब्यात. आत जातो तो फक्त सेन्सर. वायरी डब्यात खालच्या बाजूने, ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट आवळणारं बूच) घ्यायच्या आणि डब्यात शिरण्याआधी त्यांना खाली झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं. जोड सगळे सोल्डरचे किंवा स्क्रूचे. बोर्डावर ॲक्रिलिक लॅकरचा फवारा, पण आर्द्रतेच्या सेन्सरवर चुकूनही नाही, कारण त्याला हवा लागावी लागते. एवढं केल्यावर खाऱ्या हवेचा मुद्दा उरतो तो वर्षातून एकदा डबा उघडून पाहण्यापुरता.

‘हवा दमटच आहे, मग नियंत्रण कशाला?’ हा मुद्दा सगळ्यांत जास्त पटतो आणि सगळ्यांत जास्त नुकसान करतो. धिंगरी (ऑयस्टर) अळंबीला फळधारणेच्या काळात साधारण ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. सापेक्ष आर्द्रता तापमानावर अवलंबून असते: रात्री २० अंशांना ९० टक्के दमट असलेली हवा, पाण्याचा थेंबही कमी न होता, दुपारी ३० अंशांवर गेली की सुमारे ५० टक्क्यांवर येते. त्यात हिवाळ्यात मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा सुटला की कोकणची हवाही कोरडी पडते. अशा दिवशी टोप्यांच्या कडा तडकतात, पिनहेड (नुकते फुटलेले बारीक कोंब) वाळून जातात. पावसाळ्यात उलटं होतं. आर्द्रता शंभराच्या जवळ, टोप्यांवरचं पाणी वाळत नाही, जिवाणूंमुळे पिवळे-तपकिरी डाग पडतात. तेव्हा फॉगर बंद ठेवून पंखा चालवायचा असतो. शिवाय अळंबी श्वास घेते. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) बराच वर गेला की धिंगरीचे देठ लांबतात आणि टोप्या बारीक राहतात, मग आर्द्रता कितीही अचूक असो. जानेवारीत एक नियम, जुलैत दुसरा, आणि दोन्हींत पंखा व फॉगर यांचा मेळ घालायचा. हे काम हाताने, दिवसरात्र, कोण करणार?

‘सेन्सर खोटं दाखवतो’ ही तक्रार याच मुद्द्याला जोडून येते. बहुतेक वेळा तो सेन्सर डीएचटी११ असतो. त्याची अचूकताच अधिक-उणे ५ टक्के, आणि तो ८०-९० टक्क्यांच्या पुढच्या मोजणीसाठी बनवलेलाच नाही. आपलं काम तर तिथेच सुरू होतं. एसएचटी३१ घ्या, अधिक-उणे २ टक्के. तोही ८० टक्क्यांच्या वर साठेक तास सलग राहिला तर तात्पुरता ३ टक्क्यांपर्यंत जास्त दाखवू शकतो, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. त्याच्या आत छोटा हीटरही असतो. तो अधूनमधून काही सेकंद चालवायचा आणि सेन्सर थंड झाल्यावरच आकडा घ्यायचा.

पडताळणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीच्या झाकणात घरचं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, सेन्सरसोबत घट्ट बरणीत बंद करा आणि रात्रभर सावलीत ठेवा. सेन्सर मिठाला टेकू द्यायचा नाही. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. जो फरक येईल तो प्रोग्राममध्ये वजा किंवा अधिक करायचा. बोर्ड सडवणारा जो ७५ चा आकडा, त्याच्याच आधारे सेन्सर तपासता येतो, हे मला फार आवडतं. कार्बन डायऑक्साइडचा एमएच-झेड१९ सेन्सर वापरणाऱ्यांनी त्याची आपोआप होणारी जुळवणी बंद करावी. दर २४ तासांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे मोकळी हवा, ४०० पीपीएम, असं तो धरून चालतो. बंद खोलीत ते खरं नसतं, आणि रोज थोडा थोडा तो खोटा होत जातो.

फॉगरमध्ये विहिरीचं जड पाणी घातलं तर त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने सेन्सरवर आणि टोप्यांवर बसतात. पागोळीचं पाणी गाळून साठवा. आपल्याकडे त्याची कमी नाही.

‘एसीशिवाय काही पिकत नाही’ हे पांढऱ्या बटण अळंबीबद्दल खरं आहे. तिला फळधारणेला १४ ते १८ अंश लागतात, आणि तेवढा थंडावा घरच्या फॉगरने मिळणार नाही. तो किती मिळेल, याचा हिशेब मांडता येतो: ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत ओल्या फडक्याचं तापमान २९ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे कितीही पाणी फवारलं तरी जास्तीत जास्त तीन अंशांचा फरक. निरोप लिहिणाऱ्याने इथपर्यंत बरोबर पाहिलं. त्यापुढे पीक बदलता येतं, हे मात्र पाहिलं नाही. दूध अळंबी ३० ते ३५ अंशांत चांगली येते, म्हणजे ती कोकणच्या उन्हाळ्याचीच. पाऊस आणि हिवाळ्यात भाताच्या पेंढ्यावर धिंगरी, उन्हाळ्यात दूध अळंबी, आणि कंट्रोलरमध्ये फक्त मर्यादा बदलायच्या.

विजेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. तसल्या वेळी कंपनीची यंत्रणाही बंदच पडते. रोज दोन-चार तास वीज जाण्यावर मात्र उत्तर स्वस्त आहे. ईएसपी३२ आणि सेन्सर मिळून साधारण एक वॉट खातात, १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा दोन-तीन वॉट. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात. निम्म्याच वापरल्या तरी बोर्ड आणि पंखा दहा तास चालतो. फॉगर तेवढा वेळ बंद राहिला तर अळंबी मरत नाही. पाण्यावरच्या पालेभाज्या नळीतून वाहणाऱ्या पातळ धारेवर असतील तर मुळं लवकर सुकतात, म्हणून आपल्याकडे खोल पाण्यावर तरंगणारी पद्धत बरी.

इंटरनेट लागतं ते मोबाइलवर आलेख पाहायला. पंखा चालू-बंद करण्याचा निर्णय बोर्डावरच होतो, आणि वेळ सांभाळायला बॅटरीवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ मिळतं. प्रोग्रामिंगचंही तसंच. ईएसपीहोम या अशा बोर्डांसाठीच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायचा नसतो, कोणता सेन्सर कोणत्या पिनवर आणि कोणत्या आकड्याला काय करायचं, हे साध्या ओळींत भरायचं असतं. त्यात एक खोच आहे. वायफाय किंवा सर्व्हर १५ मिनिटं सापडला नाही तर ईएसपीहोम मुळातल्या सेटिंगनुसार बोर्ड रीस्टार्ट करतं. ‘नेट गेलं की बंद पडतं’ ही तक्रार मला वाटतं इथूनच आली असावी. वायफाय आणि एपीआय (सर्व्हरशी जोडणी), दोन्हींखालचं रीबूट टाइमआउट शून्य केलं की प्रश्न मिटतो.

राहिला तयार यंत्रणेचा सल्ला. मोठ्या थंड खोल्यांसाठी तो योग्य आहे. पेंढ्याच्या पन्नास-शंभर पिशव्यांच्या खोलीसाठी नाही. भर पावसात तयार यंत्रणा बिघडली तर मेकॅनिक पुण्या-मुंबईहून यायचा, आणि तोवर लागलेलं पीक थांबत नाही. घरच्या यंत्रणेत चार-पाचशे रुपयांचा दुसरा बोर्ड, तोच प्रोग्राम भरून, कपाटात ठेवता येतो आणि दहा मिनिटांत बदलता येतो.

एका कामात मात्र मी कुणालाही ‘स्वतः करा’ म्हणणार नाही. ओल्या खोलीतली २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग तपासून घ्या आणि त्या खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) बसवा. नेहमीचा एमसीबी (जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर पडणारा) माणसाला शॉकपासून वाचवत नाही. बोर्डाने चालू-बंद होणाऱ्या निळ्या रिलेवर (छोटा विद्युत स्विच) १० अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या भारासाठी. मोटर किंवा पंप त्यावर थेट लावला तर काँटॅक्ट चिकटतात आणि पंप बंदच होत नाही. तिथे रिलेने काँटॅक्टर (मोठ्या भाराचा दणकट रिले) चालवायचा आणि काँटॅक्टरने पंप.