पस्तीस इंची टायर आणि ‘गिअर बदलायची गरज नाही’ म्हणणारे

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. आमच्या डेन्व्हरच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर तो इंग्रजीत आला आणि पुण्याच्या एका मित्रानं तोच मराठीत करून मला परत पाठवला. थोडक्यात मजकूर असा: गाडी उचलून ३५ इंची टायर टाकले तरी अ‍ॅक्सलमधलं क्राउन-पिनियन (शाफ्टची फेरी चाकाकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी, यालाच इथे गिअर म्हणतात) बदलण्यात पैसे घालू नका. कॉम्प्युटरमध्ये टायरचं माप भरलं की झालं. चढाला लो रेंज (फोर बाय फोरमधली हळू पण जास्त जोराची पट्टी) आहेच. मोठ्या टायरनं इंजिन कमी फिरतं, म्हणजे पेट्रोलही वाचतं. आणि बदलायचंच असेल तर मागचं तेवढं बदला. खाली एक तक्ता, इतक्या इंचांची लिफ्ट (स्प्रिंगा बदलून गाडी उचलणं) असेल तर इतका रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या).

यातली निम्मी वाक्यं मी स्वतः खरी मानून बसलो होतो, म्हणून उत्तर देतोय. माझी गाडी २०१४ ची जीप रँग्लर जेके स्पोर्ट, ३.६ लिटरचं पेंटास्टार इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक, अ‍ॅक्सलमध्ये रेशो ३.२१. मूळ टायर २२५/७५ आर १६, म्हणजे व्यास २९.३ इंच. त्यावर मी ३५ चे टायर चढवले आणि जवळजवळ वर्षभर तशीच चालवली.

आधी तो तक्ता. लिफ्टचा आणि गिअरचा काहीही संबंध नाही. स्प्रिंगा उंच केल्यानं चाक मोठं होत नाही. लिफ्टनं प्रोपेलर शाफ्टचा (ताकद चाकांच्या आसापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होऊन स्टिअरिंग भिरभिरतं, ब्रेकचे होज ताणले जातात, आणि या गाडीत पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचं रबरी बूट फाटतं. ते सगळं निस्तरावं लागतंच, पण इंजिनाला गाडी उंच झाल्याचं कळतसुद्धा नाही. त्याला कळतो तो टायरचा व्यास. चार इंच लिफ्ट करून मूळ टायर ठेवले तर रेशोला हात लावायचं कारण नाही. लिफ्ट न करता, फेंडर कापून ३५ बसवले तर मात्र आहे.

हिशोब सोपा आहे. ३.२१ म्हणजे शाफ्ट ३.२१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. चाक मोठं झालं की त्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजेच इंजिनाची तरफ तेवढी आखूड होते. ३.२१ गुणिले २९.३ भागिले ३५ केलं की उत्तर येतं २.६९. मूळ टायरांवर कंपनीनं २.६९ चा रेशो दिला असता तर गाडी जशी चालली असती, तशी माझी चालत होती. इतका लांब (म्हणजे कमी आकड्याचा) गिअर या गाडीत कंपनीनं कधीच दिला नव्हता. वर हे टायर मूळच्यापेक्षा कितीतरी जड, आणि ते वजन नुसतं वाहायचं नसतं, फिरवायचंही असतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

‘कॉम्प्युटरमध्ये माप भरा’ हा सल्ला चूक नाही, अपुरा आहे. माप न भरता फिरलात तर स्पीडोमीटर ६० मैल दाखवत असताना गाडी सुमारे ७२ नं पळत असते, आणि पोलीस काटा बघत नाही. माप भरल्यावर काटा खरं बोलू लागतो, ऑटोमॅटिक गिअरही जरा शहाणपणानं पडतात. पण चाकावर पोचणारा जोर तेवढाच राहतो. वजनकाटा दुरुस्त केला म्हणून पोतं हलकं होत नाही. माझ्या टायरवाल्यानं माप भरून दिलं, ‘आता मूळ गाडीसारखीच’ म्हणाला, आणि मी मान डोलावून पैसे दिले.

आता पेट्रोलचा मुद्दा. तो सगळ्यांना पटतो, कारण कागदावर तो बरोबर दिसतो. ६५ मैल वेगाला पाचव्या गिअरमध्ये (त्याचा रेशो ०.८३) मूळ टायरांवर माझं इंजिन मिनिटाला साधारण १,९९० फेऱ्यांवर असायचं. ३५ नंतर ते १,६६० वर आलं. कमी फेऱ्या, कमी पेट्रोल? या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) सर्वांत जास्त असतो तो ४,८०० फेऱ्यांना. १,६६० ला ते रुंद टायर आणि उंच झालेली चौकोनी गाडी वाऱ्याविरुद्ध ओढू शकत नाही. तुम्ही पेडल दाबता, गाडी चौथ्यात उतरते. जरासा चढ आला की तिसऱ्यात, २,८०० च्या पुढे. चढ संपतो, परत पाचवा, परत तिसरा. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० नं निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता अकरा हजार फुटांच्या वर चढतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा दर हजार फुटांना साधारण तीन टक्के दम जातो. बोगद्याशी पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते. त्या घाटात माझी गाडी पाचवा गिअर विसरूनच गेली होती. पाच गिअरची गाडी चार गिअरची झाली, आणि सततच्या बदलाबदलीनं गिअरबॉक्सचं तेल तापायचं ते वेगळंच.

यात एक गंमतही आहे. माप भरलेलं नसेल तर ओडोमीटर १०० मैल मोजतो तेव्हा गाडी ११९ मैल गेलेली असते. त्यामुळे मोठ्या टायरनं मायलेज किती पडलं किंवा गिअर बदलल्यावर किती वाढलं, याचे जे आकडे लोक छातीठोकपणे देतात, त्यातले बरेचसे चुकीच्या काट्यावरचे असतात. माझेही आधीचे आकडे तसेच होते, म्हणून ते इथे देत नाही. मायलेज वाढतं असं मी म्हणतच नाही. पेट्रोल वाचतं म्हणून लांब गिअर ठेवा हे कारण टिकत नाही, एवढंच.

‘लो रेंज आहेच’ हे उत्तर हायवेवर तर हास्यास्पद आहे. कोरड्या डांबरावर, ५५ मैल वेगानं चढताना लो टाकणार कशी? दगडांवर तरी पुरतं का, ते बघा. स्पोर्टच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत) लो २.७२ चा, पहिला गिअर ३.५९, अ‍ॅक्सल ३.२१. तिन्हींचा गुणाकार ३१. रुबिकॉनला (रँग्लरचंच खडकांसाठीचं मॉडेल) लो ४ चा आणि अ‍ॅक्सल ४.१० मिळतो, गुणाकार ५९. माझ्या ३१ मधले मोठ्या टायरनं आणखी पाच खाल्ले. यूटामधल्या मोआबच्या गुळगुळीत खडकांवर चढायला एकवेळ पेडल दाबून निभतं. खरी तंतरते ती उतरताना. इंजिन गाडीला धरतच नाही, सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेकलाही आता मोठ्या त्रिज्येचं चाक थोपवायचं असतं. उतार संपला तेव्हा ब्रेकचा वास गाडीत भरला होता.

‘मागचं तेवढंच बदला’ याला एकच शब्द: नको. मागे ४.८८, पुढे ३.२१ आणि फोर बाय फोर लावलं, तर पुढची चाकं एका वेगानं फिरायला बघतात, मागची दुसऱ्या. शाफ्ट, ट्रान्सफर केस किंवा अ‍ॅक्सल, यांतलं जे सर्वांत कच्चं असेल ते तुटतं. ४.१० आणि ४.११ इतका फरक चालतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे खर्च दोन्ही अ‍ॅक्सलचा, आणि जुन्या रेशोपासून लांब गेलात तर बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये क्राउन ज्यावर बसतो तो कॅरिअरही नवा. हे महाग आहे, नाकारत नाही.

मेसेजच्या खालच्या कॉमेंटांत उलट्या टोकाचेही होते: आकडा जितका मोठा तितकं चांगलं, सरळ ५.१३ टाका. तेही नको. रेशो वाढवतात तो पिनियनचे दात कमी करून. ४.१० मध्ये ४१ दातांना १० दात, ४.५६ मध्ये ४१ ला ९, ४.८८ मध्ये ३९ ला ८. पिनियन बारीक होत जातो आणि माझ्या पुढच्या डाना ३० सारख्या लहान अ‍ॅक्सलमध्ये तोच आधी जातो. वरचाच हिशोब उलटा केल्यावर (३.२१ गुणिले ३५ भागिले २९.३) मला उत्तर आलं होतं ३.८३. पण ते होतं मूळच्या, आधीच मरगळलेल्या ३.२१ ची बरोबरी करायला. मग रुबिकॉनशी तुलना केली. तिच्या ३२ इंची टायरला ४.१०, तर ३५ ला ४.४८, म्हणजे बाजारात मिळणारा जवळचा ४.५६. मैदानी भागात राहत असतो तर तोच घेतला असता. इथली उंची आणि घाट बघून ४.८८ घेतला. आता ६५ ला इंजिन सुमारे २,५३० वर असतं. ज्याला रोज सपाट हायवेवर ७५ नं जायचंय, त्याला ते जास्त वाटेल आणि त्याचं बरोबर असेल.

पुण्याच्या मित्राची गाडी थार, टायर २४५/७५ आर १६, म्हणजे साडेतीस इंच. त्याला ३३ टाकायचे होते आणि तक्ता वाचून तो क्राउन-पिनियन शोधायला निघाला होता. फरक आठ टक्के, माझा एकोणीस. त्याला सांगितलं, गिअरला हात लावू नकोस, ताम्हिणी घाटात दोन खेपा कर आणि मग ठरव. आणि त्याआधी कायदा वाच. कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय.

आणि मोजायचंच असेल तर टायरवर छापलेला आकडा धरू नका. गाडीच्या वजनाखाली ३५ कधीच ३५ भरत नाही. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी एक फेरी ढकला, अंतर टेपनं मोजा आणि ३.१४ नं भागा. माझे ३५ चे टायर साडेचौतीसही भरले नाहीत.