अर्ज शाळेतच भरून घ्या

आई-बापाचं छत्र लहानपणीच हरपण्याचं प्रमाण गरीब घरांत आणि दुर्गम भागांत जास्त, असं एका लेखात वाचलं. ते आमच्या कोल्हापूर जिल्ह्यालाही लागू पडतं. गगनबावड्याकडं रात्री साप चावला तर कोल्हापुरातला सीपीआर हा सरकारी दवाखाना गाठायला पन्नासेक किलोमीटर, त्याआधी गाडी शोधायची. शहरात ताराबाई पार्कातल्या माणसाला दवाखाना हाकेवर.

अशा पोरांसाठी सरकारच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, एक पालक गेला असला तरी. पण त्याच्या अर्जासाठी आमच्या गल्लीतल्या वहिनी मृत्यूदाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड पिशवीत घालून मजुरी बुडवून हेलपाटे घालत होत्या. बीडहून ऊसतोडीला आलेल्यांचं तर बघायलाच नको. कागदं गावाकडं, पोरं फडात. कुणाचा बाप गेला हे शाळेत मास्तरांना लगेच कळतं. अर्ज तिथंच भरून घ्यावा.