अंदाजाचं कर्ज

पत्रिका बघणाऱ्याला एक सोय असते. भविष्य चुकलं की तो म्हणतो, जन्मवेळच नीट सांगितली नसेल. ऑस्ट्रेलियात मुलांसाठी सरकारी भत्ता घेणाऱ्या आईबापांना ती सोय नाही. त्यांनी जुलैमध्ये बसायचं आणि पुढच्या ३० जूनपर्यंत घरात किती पैसे येणार ते सांगायचं. ओव्हरटाइम, बोनस, बिनपगारी रजा, बायकोला मिळू शकणारी आणि न मिळू शकणारी नोकरी, हे सगळं धरून एकच आकडा. सरकार त्या आकड्यावर दर पंधरवड्याला पैसे टाकतं. वर्ष संपलं की खरा आकडा येतो आणि आपण ज्योतिषी म्हणून किती कच्चे आहोत ते डॉलर-सेंटमध्ये कळतं.

भत्त्याचं नाव फॅमिली टॅक्स बेनिफिट. नावात टॅक्स असला तरी पैसे देतं सेंटरलिंक, म्हणजे सरकारी भत्ते वाटणारं खातं. टॅक्स ऑफिस फक्त चुगली करतं. पार्ट ए मुलागणिक मिळतो, पार्ट बी घरागणिक, मुख्यतः एका पगारावर चालणाऱ्या घरांना. योजना १ जुलै २००० ला सुरू झाली आणि पहिल्याच वर्षाच्या हिशेबात इतक्या घरांवर जादा गेलेल्या पैशांची वसुली निघाली की त्या वर्षापुरती पहिल्या हजार डॉलरपर्यंतची रक्कम सरकारने माफ करून टाकली. २००१ मध्ये निवडणूक होती, हा निव्वळ योगायोग समजावा. पुढे २००४ मध्ये वर्षाअखेरीस देण्याचा सप्लिमेंट आला. त्याचं खरं काम उशीचं: अंदाज थोडा घसरला तर पडणाऱ्याला लागू नये. आता २०१६ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८०,००० डॉलरच्या वर गेलं की पार्ट एची ही उशी काढून घेतात. म्हणजे जो जास्त उंचावरून पडतो, त्याच्याखाली फरशी.

मायगव्ह या सरकारी वेबसाइटवरच्या आपल्या खात्यात वसुलीचं पत्र येतं. आधी मोबाइलवर कळतं की तुमच्यासाठी संदेश आहे. कसला ते कळत नाही. पासवर्ड आठवेपर्यंत माणूस आशावादी असतो.

पत्र उघडल्यावर ओळखीतलं कुणीतरी हमखास ‘रोबोडेट’ म्हणतं. हा शब्द इथे फार जपून वापरावा. रोबोडेटमध्ये बेकारी भत्त्यासारख्या पैशांची वसुली काढताना वर्षाच्या उत्पन्नाला २६ पंधरवड्यांनी भागलं गेलं, जेव्हा तो भत्ता पंधरवड्याच्या खऱ्या कमाईवर ठरायला हवा होता. २०१९ मध्ये फेडरल कोर्टात सरकारने ते बेकायदेशीर असल्याचं मान्य केलं आणि जुलै २०२३ मध्ये त्यावर नेमलेल्या रॉयल कमिशनचा, म्हणजे चौकशी आयोगाचा, अहवालही आला. पण फॅमिली टॅक्स बेनिफिट कायद्यानेच वर्षाच्या उत्पन्नावर ठरतो. तिथे जे पाप होतं ते इथे नियम आहे. एप्रिलमध्ये नोकरी लागली तरी जुलैपासून घेतलेल्या पैशांकडे त्या पगाराच्या चष्म्यातून पाहिलं जातं. ‘तेव्हा मी घरीच होते हो’ हे वाक्य खरं असतं आणि बहुतेकदा निरुपयोगी. (बाळंतपणानंतर पहिल्यांदा कामावर परतणाऱ्या आईला पार्ट बीपुरती सूट आहे. ती लागू झाली आहे का ते जरूर विचारावं.)

आता अंदाज नेमका कुठे घसरतो ते पाहू, कारण वाद जिंकायचा तर तो इथेच जिंकता येतो. आपण अंदाजात पगार लिहितो. सेंटरलिंक बघतं ‘ॲडजस्टेड टॅक्सेबल इन्कम’, आणि आपण टॅक्स वाचवायला जे जे दारातून बाहेर काढलं, ते सगळं हे प्रकरण खिडकीतून आत घेतं. पगारातून सुपरमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या फंडात, जास्तीचे पैसे वळवले? आत. भाड्याच्या घरावर तोटा दाखवला? तोटा परत मिळवला जातो. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, भारतातल्या एनआरओ बँक खात्याचं व्याज? तेही आत, आणि तिथे बँकेने टीडीएस कापण्यापूर्वीचा आकडा. शिवाय पुण्याचं वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं जुलै ते जून. त्यामुळे फॉर्म सव्वीस एएसवरचा, म्हणजे भारतातल्या टीडीएसच्या उताऱ्यावरचा, आकडा जसाच्या तसा उतरवणारा माणूस दोन्ही देशांत मनापासून चुकतो.

सगळ्यात गोड सापळा इलेक्ट्रिक गाडीचा. नोव्हेटेड लीजवर, म्हणजे कंपनीमार्फत भाडेकरारावर, घेतली की हप्ता टॅक्सच्या आधी पगारातून जातो आणि जुलै २०२२ पासून पात्र गाडीवर कंपनीला फ्रिंज बेनिफिट टॅक्सही, म्हणजे नोकरांना दिलेल्या सोयींवरचा कर, पडत नाही. सगळे खूश. पण टॅक्स माफ असला तरी त्या सोयीची किंमत तुमच्या नावापुढे नोंदवली जाते, तीही फुगवून. सोय १०,००० डॉलरची ठरली, तर तिला १.८८६८ ने गुणायचं, झाले १८,८६८. समजा दोन मुलांचं घर, अंदाज ७०,००० डॉलर, आणि बाकी सगळं तंतोतंत बरोबर निघालं. २०२४-२५ मध्ये ६५,१८९ च्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे पार्ट ए २० सेंटने घटत होता. १८,८६८ चे २० टक्के, म्हणजे ३,७७३ डॉलर ६० सेंट परत करा. शिवाय उत्पन्न ८८,८६८ झालं, म्हणजे सप्लिमेंटची उशीही गेली. पेट्रोलचे वाचलेले पैसे कुठे गेले, हा प्रश्न इथे सुटतो.

यावर वाद घालता येत नाही, फक्त गाडीकडे बघता येतं. वाद घालता येतो तो आकडा, तारीख किंवा टक्केवारी चुकली असेल तर. म्हणून पत्र आल्यावर पहिलं काम रागाचा मेल लिहिणं हे नव्हे. आधी वसुलीचा तपशील मागावा: कोणतं वर्ष, दोघांचं कोणतं उत्पन्न धरलं, मूल किती टक्के तुमच्याकडे होतं असं मानलं. मग टॅक्स ऑफिसची नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे रिटर्ननंतर येणारा करहिशेबाचा कागद, शेजारी ठेवून रेघेमागून रेघ जुळवावी. मुलाचा ताबा ३५ टक्क्यांच्या खाली नोंदला गेला तर त्या मुलामागे काहीच मिळत नाही, त्यामुळे विभक्त पालकांच्या बाबतीत ३४ आणि ३५ मधलं अंतर पृथ्वी आणि चंद्राएवढं असतं. वेगळं झाल्याची तारीखही तपासा. ज्या दिवसांत जोडपं होतात त्या दिवसांपुरतंच जोडीदाराचं उत्पन्न धरायला हवं. भारतातला मुक्कामही पाहा: परदेशात असताना हा भत्ता साधारण सहा आठवडेच चालतो. चुलत नणंदेच्या लग्नासाठी वाढवलेला आठवा आठवडा विमानतळावरच्या नोंदीतून थेट सेंटरलिंकपर्यंत पोहोचतो.

आणि एक वसुली तर वसुलीच नसते. पूर्ण वर्षाचा भत्ता, एक एक डॉलर, परत मागितलेला दिसला तर समजावं की कुणाचं तरी टॅक्स रिटर्न बाकी आहे. बहुतेक वेळा हे ‘कुणीतरी’ म्हणजे घरी असणारा जोडीदार. त्याला कमाईच नाही, मग रिटर्न कसलं? बरोबर. पण ‘मला रिटर्न भरायची गरज नाही’ हेही सेंटरलिंकला वेगळं कळवावं लागतं, वर्ष संपल्यानंतर वर्षभरात, म्हणजे पुढच्या ३० जूनपर्यंत. हे कळवलं की डोंगर खाली येतो. मुदत उलटली असेल तर मात्र सप्लिमेंट आणि वरचे येणे पैसे बुडतात. शून्य कमाईची शून्यवेळा खात्री द्यावी लागत नाही. एकदा द्यावी लागते, आणि तेवढीच राहून जाते.

चूक खरंच सापडली तर रीतसर रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागायचा. मुदत निर्णय कळल्यापासून ५२ आठवडे. तोंडी मागता येतो, पण लेखी मागावा. अर्जात चार गोष्टी पुरतात: निर्णयाची तारीख, चुकलेला आकडा, बरोबर आकडा, पुरावा. ‘मुलं लहान आहेत’ हे लिहू नये. मुलं लहान होती म्हणूनच पैसे मिळाले होते. फाइल ऑथराइज्ड रिव्ह्यू ऑफिसरकडे जाते. तो मूळ निर्णय घेणारा नसतो, आणि पुष्कळदा संपूर्ण प्रकरण पहिल्यांदा सलग वाचणारा माणूस तोच असतो. त्यानेही नाही म्हटलं तर १३ आठवड्यांच्या आत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल, जे १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ट्रिब्युनलच्या जागी आलं. तिथे या अर्जाला फी नाही. फोन कराल तेव्हा पावती क्रमांक मागून तारखेसह वहीत लिहा. स्वतःची फाइल माहितीच्या अधिकारात मागवता येते, आणि तिच्यात तुम्ही फोनवर काय बोललात याच्या नोंदी असतात. आपल्याला आठवतं तसं आपण बोललोच नव्हतो, हे तिथे कळतं. इंग्रजीत भांडताना शब्द अडत असतील तर दुभाष्या मोफत मिळतो, आणि चिडून मराठीत बोलण्याची मुभा आयती मिळते.

रिव्ह्यू मागितला म्हणून वसुली आपोआप थांबते असं कुणी समजू नये. ती थांबवायला वेगळं सांगावं लागतं. ते मान्य झालं नाही तर पंधरवड्याला परवडेल तेवढा हप्ता ठरवून घ्यावा. पैसे भरले म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही. जिंकलात तर परत मिळतात. गप्प बसण्याचे परिणाम मात्र विचित्र आहेत. पुढच्या भत्त्यातून कापतात, टॅक्सचा परतावा वळवतात, व्याज लावू शकतात, आणि हप्ता न ठरवणाऱ्याला देश सोडायला मनाई करणारा आदेशही काढता येतो. दिवाळीचं तिकीट काढण्याआधी हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

आता माफी. कायद्यात तिच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच पुणेरी दुकानदाराने आखल्यासारख्या. पहिली: चूक संपूर्णपणे सरकारचीच हवी, पैसे तुम्ही प्रामाणिक समजुतीने घेतलेले हवेत, आणि शिवाय परतफेडीने तुमची तीव्र आर्थिक ओढाताण व्हायला हवी. ‘संपूर्णपणे’ हा शब्द जड आहे. तुमचा अंदाज एक टक्का जरी कारणीभूत असेल तरी वाट बंद. दुसरी वाट विशेष परिस्थितीची: गंभीर आजार, घरातला हिंसाचार, असं काही. पण तिथे नुसती आर्थिक ओढाताण चालत नाही. म्हणजे पहिल्या खिडकीवर गरिबी सिद्ध करा, दुसऱ्या खिडकीवर गरिबीखेरीज काय आहे ते सांगा. योग्य खिडकीवर योग्य कागद गेला तर माफी मिळते. चुकीच्या खिडकीवर तोच कागद सुंदर इंग्रजीतला निबंध ठरतो. हे ओळखायला कम्युनिटी लीगल सेंटरचा वकील लागतो आणि तो फुकट असतो. मला विचाराल तर ओळखीतल्या अकाउंटंटच्या आधी त्याला फोन करा.

ज्यांना हा खेळच नको त्यांनी पंधरवड्याचे पैसे घेऊ नयेत. वर्ष संपल्यावर एकरकमी दावा करावा. त्याला कर्ज चिकटत नाही, कारण तोवर भविष्य भूतकाळ झालेलं असतं. पण मुलांचे बूट दरमहा लहान होतात, म्हणून फार थोडे तसं करतात. उरलेल्यांना दर वर्षी नव्या अंदाजाची विचारणा येते. उत्तर दिलं नाही तर सेंटरलिंक स्वतःच एक आकडा बसवतं: तुमचं जुनं उत्पन्न, त्यात देशातल्या सरासरी पगारवाढीची भर. तोही अंदाजच, फक्त या वेळी सरकारी. तोही चुकतो, आणि चुकला तर परतफेड तुम्हीच करता. म्हणून ते पत्र आलं की चहा थंड होऊ द्यावा, पण आपला आकडा त्याच संध्याकाळी भरावा, दोन-तीन हजार वर धरून. गाडीसकट.