वेझरकाठचा शनिवार आणि बंदोबस्ताचं बिल

इथे जर्मनीत, ब्रेमेनमध्ये कॉफीला भेटायचं तरी तीन आठवडे आधी तारीख ठरते. त्यामुळे शनिवारी दुपारी एक वाजता ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन आला, "मुलाला ताप आहे, एक तिकीट रिकामं आहे, येतोस का?", तेव्हा मी हातातलं लाटणं तसंच ठेवून सायकल काढली. सामना साडेतीनला होता.

वेर्डर ब्रेमेन या इथल्या फुटबॉल क्लबचं स्टेडियम वेझर नदीला अगदी लागून आहे. मी पलीकडच्या काठाला, नॉयश्टाटमध्ये राहतो. मधे एक छोटी होडी चालते. सायकलीसकट तिच्यात चढायचं, दोन मिनिटांत पैलतीर, मग बांधावरून चालत स्टेडियमपर्यंत. वेर्डर म्हणजेही नदीकाठची जमीन. क्लबचं नावच पाण्यातून आलेलं. होडीत हिरव्या-पांढऱ्या मफलरांची गर्दी. तिकीट नसलेले कितीतरी लोक बांधाच्या उतारावर गवतात बसले होते, हातात बाटली, कान रेडिओला. आत गोल झाला की जहाजाचा भोंगा वाजतो. मग बाहेर बसलेल्यालाही कळतं, आपला झाला.

खिशात मात्र दाजींचा सकाळचा मेसेज होता. दाजी कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजी झाली की आमच्याकडे तोच वाद पुन्हा उठतो: सामनेच बंद करा, नाहीतर पोलीस बंदोबस्ताचा खर्च तालमींकडून, म्हणजे पेठांच्या फुटबॉल संघांकडून वसूल करा. दाजींनी विचारलं होतं, "तुमच्या जर्मनीत क्लबकडनं पैसे घेत्यात म्हणं. खरं का?"

अर्धं खरं. आणि ते माझ्याच गावचं आहे. २०१४ साली ब्रेमेन राज्याने तसा कायदा केला. हॅम्बुर्गविरुद्ध २०१५ साली झालेल्या एका सामन्याचं चार लाख युरोंहून जास्त बिल जर्मन फुटबॉल लीगच्या नावाने निघालं. लीग कोर्टात गेली, वरच्या कोर्टात गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये कार्ल्सरूहच्या जर्मन घटना न्यायालयाने ब्रेमेनचीच बाजू उचलून धरली. पण कायद्यात अटी आहेत. कार्यक्रम नफ्यासाठी भरवलेला हवा, पाच हजारांवर माणसं येणार असली पाहिजेत आणि मारामारीची आधीपासूनच शक्यता हवी. शिवाय नेहमीचा बंदोबस्त फुकटच. बिल फक्त वरच्या जादा कुमकीचं.

आता पहिली अट कोल्हापूरला लावून बघा. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या पेठांच्या तालमी आहेत. कोण नफा काढतंय तिथे? वर्गणी, एखादा देणगीदार आणि पोरांचे घासलेले बूट. असल्या मातीतनं अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत पोचला. त्या तालमींच्या माथी बंदोबस्ताचं बिल मारलं तर वर्षाभरात मैदानावर फक्त शेळ्या दिसतील. दगड मारणाऱ्याला धरा, त्याच्यावर गुन्हा घाला, त्याला वर्षभर फाटकाबाहेर ठेवा. अख्ख्या पेठेला दंड कशासाठी?

ब्रेमेनचा कायदा खरा बसतो तो वानखेडेला. आणि तिथे आपण नेमकं उलटं केलं. २०२३ साली राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर उतरवले. ट्वेंटी-ट्वेंटीचा दर दहा लाखांवर आणला, तोही २०११ पासून, मागच्या तारखेने. म्हणजे कोट्यवधींची थकबाकी कागदावरच वितळली. जनहित याचिका झाली तेव्हा उच्च न्यायालयानेही सरकारला खडे बोल सुनावले. इथल्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं माझं जर्मन कच्चं आहे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या सामन्यांना सूट? मी क्रियापद पुन्हा तपासून सांगतो. होय, सूट.

इथलं सगळं गोमटं आहे असं नाही. उभ्याने सामना बघायच्या कट्ट्यावर माझ्या शेजारच्या आजोबांना हा निकाल मुळीच पटलेला नव्हता. "आज लीगला बिल, उद्या माझ्या तिकिटावर," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण इथे क्लबच्या मतांत सभासदांचं पारडं जड ठेवायचा नियम आहे. तिकीट महागलं तर आजोबा सभेत उभे राहून भांडू शकतात. वानखेडेच्या तिकिटावर भांडायला आपण कुठे उभं राहायचं?

सामना एक-एक सुटला. भोंगा एकदाच वाजला, तोही मी पेल्याची अनामत परत घ्यायला रांगेत उभा असताना. परतीच्या होडीत बसून दाजींना हे सगळं बोलून पाठवलं, चांगलं सहा मिनिटांचं. पलीकडचा काठ येईपर्यंत उत्तर आलं होतं.

"ते सगळं ऱ्हाऊ दे. गोल कसा झाला ते सांग."