एक स्टार देणाऱ्या दादांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय, "चिखलाचे टायर मागितले, दुकानदाराने रोडचे गळ्यात मारले. पाणंदीत ट्रॅक्टर जागेवर फिरला, उसाची ट्रॉली रुतली, जेसीबी बोलवावा लागला. पैसे परत द्या." इथे दुसरे ऊसवालेही वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आमची चूक. आमच्या पोराने मागच्या दोन्ही टायरांत रोडच्या हिशोबाने २४ पीएसआय हवा भरली आणि तुम्हाला काहीच बोलला नाही. बिलावरही लिहिलं नाही. एवढ्या कडक हवेत टायरचा मधला पट्टाच भार घेतो, कडेचे दात चिखलाला पुरते लागत नाहीत. माफ करा. आता आम्ही प्रत्येक बिलावर रानातली आणि रोडवरची, अशा दोन्ही हवा लिहून देतोय.

टायर मात्र चुकीचा दिला असं मला वाटत नाही. तुम्ही आलात तेव्हा मी पहिलं विचारलं होतं, कारखाना किती लांब? तुम्ही म्हणालात २४ किलोमीटर, दिवसाला दोन खेपा. म्हणजे जाऊन-येऊन रोज ९६ किलोमीटर डांबर, आणि फडापासून रस्त्यापर्यंतची पाणंद जेमतेम अर्धा किलोमीटर. तुम्हाला हवा होता तो उंच दातांचा टायर चिखलात झकास ओढतो, भाताच्या खाचरात तर त्याला तोड नाही. पण भार घेऊन डांबरावर पळताना ते उंच दात लवतात, तापतात आणि खडूसारखे झिजतात. तुमचे जुने टायर अजून आमच्या मागच्या शेडमध्ये पडलेत. त्यावर अंगठा फिरवून बघा. मध्ये पार सपाट, कडेला दात नव्यासारखे उभे. तसेच पुन्हा दिले असते तर हंगाम संपायच्या आत हाच एक स्टार मिळाला असता, फक्त कारण वेगळं.

म्हणून हॉलेजचा, म्हणजे रोडवर माल ओढायचा टायर दिला. त्याचे दात रुंद आणि बुटके, मधल्या भागात रबर जास्त. चिखलात तो थोडा कमी पडणार, हे मी सांगितलं होतं. ऐकलं तुमच्या भावाने, तुम्ही तेव्हा समोर चहाला गेला होता.

आता रुतण्याचं. जेसीबीने काढल्यावर तुम्ही तशीच ट्रॉली घेऊन दुकानात आलात, तेव्हा मी टेप लावला होता. ट्रॉलीची चाकं दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या चाकांच्या अर्धी बाहेर पडतात. म्हणजे ट्रॅक्टरने दाबून दिलेल्या चाकोरीत ट्रॉली चालतच नाही, स्वतःची नवी चाकोरी कापत येते. त्यात टायर ट्रकचे उतरवलेले, नऊ इंची, गुळगुळीत, आणि हवा ८० च्या वर. वापसा नसलेल्या, म्हणजे ओल अजून न सुकलेल्या काळ्या रानात असं चाक सुरीसारखं खाली जातं. एकदा आस चिखलाला टेकला की पुढे कुठलाही टायर लावा, ट्रॅक्टर जागेवरच फिरणार. शिवाय तुमची ट्रॉली चारचाकी. दोनचाकीचं थोडं वजन हुकावर येऊन मागची चाकं दाबली जातात, चारचाकीत ते होत नाही. सगळी ओढ ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनावर, आणि तुमच्या मागच्या टायरांत वजनासाठी भरतात ते पाणीच नव्हतं.

पाच आठवडे चाललेल्या टायरचे पैसे परत करता येणार नाहीत. पण मागचे रिम उलटवून दोन चाकांतलं अंतर ट्रॉलीला जुळवून देतो आणि टायरांत पाऊण पाणी भरून देतो. दोन्हीची मजुरी घेणार नाही. (पाणी भरल्यावर हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घ्या, नाहीतर गेजमध्ये पाणी जातं.) ट्रॉलीला रुंद टायर लावा, आमच्याकडूनच घ्या असं नाही.

हवेचं म्हणाल तर पाणंदीत शिरताना १४-१५ वर आणायची आणि डांबरावर चढलं की पुन्हा वाढवायची. कमी हवेत भरलेली ट्रॉली २४ किलोमीटर ओढली तर टायर बाजूने फाटेल, मग ती तक्रार मी ऐकणार नाही. दर खेपेला हे कोण करत बसतंय, मलाही कळतं. पाऊस पडून गेल्यावर पहिले आठ दिवस तरी करा. तेही जमणार नसेल तर फडातून अर्धीच ट्रॉली भरून बाहेर काढा, उरलेल्या मोळ्या रस्त्यावर आणून भरा. तोडकरी कुरकुर करतील, पण जेसीबीपेक्षा स्वस्त पडेल.

मंगळवारी इथे बाजार असतो, तो सोडून कधीही या. ट्रॉली जोडूनच आणा, रिकामी. आणि भावालाही आणा.