नव्या गावात आलात ना, मग घर घेऊनच टाका

गावात येऊन तीन आठवडे झालेत, निम्मी खोकी अजून चिकटपट्टीसकट भिंतीला लागून पडलीयेत, लेकीच्या शाळेचा रस्ता अजून मोबाईलला विचारावा लागतो आणि रात्री कुणाला ताप आला तर डॉक्टर कुठे गाठायचा ते घरात एकालाही माहीत नाही. उत्तम. घर विकत घ्यायला याहून चांगली वेळ परत येणार नाही. माणूस थांबला की त्याला माहिती व्हायला लागते आणि माहिती झाली की हात आखडतो, म्हणून थांबायचंच नाही.

"वर्षभर भाड्यानं राहा, गाव कळू दे, मग बघा" असं सांगणारं कुणीतरी भेटेलच. त्याला हसून नमस्कार करा आणि पुढे चला. वर्षभर भाड्यानं राहिलात तर कुठल्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्या तुंबतात, पावसात कुठे पाणी साचतं, कुठल्या गल्लीतली कुत्री रात्रभर सभा भरवतात हे सगळं फुकटात कळून जाईल, आणि जी गोष्ट फुकट कळते तिची माणसाला किंमत नसते. शिवाय भाडं म्हणजे पैसे पाण्यात. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे बायकोला, आईला, सासऱ्यांना आणि रात्री दोन वाजता स्वतःला ऐकवायला लागतं.

हप्ता कसा, आपल्याच घरात जातो. म्हणजे सगळा नाही जात. ३० वर्षांचं कर्ज ७ टक्क्यांनी घेतलं आणि दर बदललाच नाही असं धरलं तर पहिल्या हप्त्यातल्या दर १०० पैकी साधारण ८८ व्याजात जातात आणि १२ घरात. पण १२ तर जातात ना! निम्मं मुद्दल फिटायला पावणेबावीस वर्षं लागतात, आणि शेवटी हिशोब केला (करू नका) तर घेतलेल्या रकमेच्या जवळजवळ २.४ पट भरलेले असतात. भाड्यात हा आनंद नाही. भाड्यात पैसे गेले की गेले म्हणून माणूस मोकळा होतो.

आता भाग कुठला निवडायचा. यासाठी ऑफिसात जो पहिला भेटेल त्याला विचारा. तो स्वतः जिथे राहतो तोच भाग सगळ्यात भारी आहे असं सांगेल. दुसऱ्याला विचारा, तो त्याचा भाग सांगेल. याचं कारण एवढंच की ज्यानं घर घेतलंय त्याच्या तोंडून "चुकलं राव" हे दोन शब्द बाहेर पडूच शकत नाहीत, कारण एकदा ते म्हटलं की उरलेली सत्तावीस वर्षं काढायची कशी? ज्यांना तिथलं खरंच जमलं नाही ते केव्हाच उठून दुसरीकडे गेलेत, त्यांना शोधायच्या भानगडीत पडू नका, ते नकारात्मक लोक आहेत.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे "आपली माणसं" जिथे असतील तिथे घर घ्यायचं. आपली म्हणजे कोण, हे नीट ठरवायची गरज नाही, जी गाडी बघितली की आपल्यालाही तीच घ्यावीशी वाटते त्या गाडीचे मालक म्हणजे आपली माणसं. थॉमस शेलिंग नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांना पुढे २००५ साली नोबेल मिळालं. त्यांनी चौकटीच्या पटावर दोन प्रकारची नाणी मांडून एक खेळ केला होता, १९७१ साली तो त्यांनी सविस्तर छापला. नियम साधाच. शेजारी थोडीफार तरी आपल्यासारखी नाणी असावीत, नसली तर उठून दुसऱ्या घरात जायचं. कुठल्याच नाण्याला दुसऱ्यांचा राग नव्हता, निम्मे शेजारी वेगळे असले तरी चालत होते, तरी थोड्या वेळात पटावर इकडची नाणी इकडे आणि तिकडची तिकडे झाली. तुम्ही नाण्यापेक्षा कमी आहात का? जा आणि आपल्या कोपऱ्यात बसा. दोन वर्षांनी लक्षात येईल की गाव बदललं पण आपण जुन्याच गावातली तीच माणसं, तेच टोमणे आणि तीच "तुमच्या मुलीला किती टक्के?" ही चौकशी सोबत घेऊन आलोय.

घर बघायला जाल तेव्हा रविवारी दुपारीच जा. हा माझा सगळ्यात मोलाचा सल्ला आहे. सोमवारी सकाळी साडेआठला, भर पावसात किंवा रात्री अकराला घर बघणं हा घराचा अपमान आहे, कुणालाही झोपेतून उठल्या उठल्या बघू नये तसंच. आम्ही आमचं रविवारी दुपारी तीनला बघितलं. इतकं शांत होतं की बायको म्हणाली, अहो, इथे घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येतेय. आता पहाटे पावणेपाचला मागून मालगाडी जाते, घड्याळ ऐकू येत नाही, पण गजर लावायलाही लागत नाही.

जायच्या आधी फोटो बघून प्रेमात पडून घ्या. रुंद लेन्सनं काढलेल्या फोटोत बाथरूमसुद्धा मंगल कार्यालय दिसतं. प्रत्यक्षात गेल्यावर एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर समजायचं मालक हौशी आहे. उदबत्त्या जास्त लावल्या असतील तर धार्मिक आहे. आणि तपासनीस वगैरे आणून छपराच्या गळतीपासून वायरिंगपर्यंत सगळं बघून घेणारे लोक असतात, त्यांना घर नको असतं, रिपोर्ट हवा असतो. सोडा.

खिडकीतून पाणी दिसत असेल तर मात्र बाकी काहीच बघू नका. नदी, नाला, तळं, काहीही चालेल. कुणी म्हणेल की हा पुराचा पट्टा आहे, तर ताठ मानेनं सांगा की तो पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, आपण काय शंभर वर्षं जगणार आहोत? त्या "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता असा असतो, आणि ३० वर्षांच्या कर्जात ती निदान एकदा खरी व्हायची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक, हे गणित कॉलेजातल्या पोरालाही येतं. पण कॉलेजातल्या पोराला घर कोण देतंय. आमच्याकडे पाणी खिडकीतून रोज दिसायचं, एकदा दारातूनही दिसलं.

ऑफिसचं अंतर? ते नकाशावर बघायचं, तेही रविवारी सकाळी. वीस मिनिटं दाखवतो. प्रत्यक्षात सव्वा तास लागला तरी मनाला समजवायचं की एवढ्या पैशात लांब गेल्याशिवाय मोठं घर मिळत नाही, म्हणजे फिट्टंफाट झाली. आता स्वित्झर्लंडच्या फ्राय आणि स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांचे वर्षानुवर्षांचे सर्व्हे घेऊन हेच तपासलं की फिट्टंफाट होते का, आणि २००८ साली छापलं की नाही होत, जितका प्रवास लांब तितका माणूस आयुष्यावर नाराज, मोठं घर आणि चांगला पगार धरूनसुद्धा. पण त्यांनी तुमचा मॉड्युलर ओटा बघितलेला नाही. आणि लेक झोपल्यावर घरी पोचलं की घर किती शांत आणि प्रशस्त वाटतं.

किमतीवर फार घासाघीस करू नका, मालकानं आकडा सांगितला म्हणजे विचार करूनच सांगितला असेल. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात मुरलेल्या एजंटांना एकच घर दाखवलं, माहितीचे कागद तेच, फक्त मालकाची किंमत प्रत्येक गटाला वेगळी सांगितली. ज्यांना आकडा मोठा सांगितला त्यांनी अंदाजही मोठा दिला, आणि त्या आकड्याचा आपल्यावर परिणाम झाला असं कबूल करणारे अगदी थोडे निघाले. रोज हेच काम करणारे लोक हे. तुम्ही तर परवा आलात. तेव्हा घरी बसून स्वतःचा आकडा आधी काढायचा, कागदावर लिहायचा, असली आगाऊ तयारी कशाला.

एजंटवर पूर्ण विश्वास ठेवा. तो तुम्हाला दादा म्हणतो, वहिनींना ताई म्हणतो, "अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा" हे तो तुमच्यावरच्या मायेनं म्हणतो. शिकागोच्या आसपासच्या जवळजवळ एक लाख घरांची विक्री लेव्हिट आणि सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी तपासली होती, त्यातही २००८ साली असंच काहीतरी निघालं की एजंट स्वतःचं घर विकताना गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त पदरात पाडून घेतात. म्हणजे बघा, थांबायचं कसं ते त्यांना चांगलं कळतं, फक्त तुमच्या बाबतीत त्यांच्याच्यानं राहवत नाही.

किती खोल्या घ्यायच्या, तर गरजेपेक्षा एक जास्त. पाहुण्यांसाठी. नव्या गावात आलो की वाटतं आता सगळे येणार, आई-बाबा चार महिने, भाऊ सुट्टीत, मित्र तर दर महिन्याला. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत सध्या इस्त्रीचं टेबल राहतं. गेल्या वर्षी आईबाबा आले होते, नऊ दिवस, त्यातले दोन मालगाडीची सवय होण्यात गेले. त्या एका खोलीचा हप्ता मी वेगळा काढून बघितला होता एकदा, मग तो कागद फाडून टाकला.

आणि घरातल्यांना शेवटी विचारायचं, सही झाल्यावर. लेकीला आधी विचारलंत तर ती म्हणेल की मला शेजारी खेळायला कुणीतरी हवं, किंवा शाळेत चालत जाता यावं. बायको विचारेल की तू दिवसभर ऑफिसात, मी इथे कुणाशी बोलायचं? हे असले प्रश्न घराच्या माहितीपत्रकात कुठेच नसतात, त्यामुळे त्यांची उत्तरंही नसतात, उगाच विषय लांबतो.

आता एवढं वाचल्यावर नक्की कुठलं घर बघायचं असं म्हणत असाल, तर एक आहे माझ्या नजरेत. पाहुण्यांसाठी वेगळी खोली, खिडकीतून पाणी, मागच्या भिंतीला गेल्याच आठवड्यात रंग दिलाय, शेजारी सगळी आपली माणसं, ऑफिस नकाशावर वीस मिनिटं. एजंट नाही, मालकाशी थेट बोलणं. अजून दोन पार्ट्या मागे लागल्यात, तरी तुमच्यासाठी थांबवून ठेवतो. येत्या रविवारी दुपारी तीनला या. फक्त चारच्या आत आटपू, पावणेपाचची दुपारीही असते.